बोटभर सैल

“दाढ सुजलीय का हो, वहिनी?” दातांच्या डॉक्टरांनी आरशातूनच विचारलं, आणि तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांच्या नव्या कोटाची ट्रायल चालली होती. मी मागे उभी राहून त्यांच्या उजव्या खांद्याची उतरण टाचत होते, ते हात जरासे पसरून समोर बघत होते, आणि दुकानातला तो तीन भागांचा आरसा, कडेचे दोन भाग दारासारखे उघडणारा, आम्हा दोघांना सगळ्या बाजूंनी दाखवत होता. मी मान हलवून नाही म्हटलं. टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या. माझ्या कोरड्या ओठांना त्या चिकटून बसतात, ओढून काढाव्या लागतात. “त्या बाजूच्या दाढा तुम्हीच काढल्यात की सगळ्या,” मी म्हटलं, “आता सुजायला उरलंय काय?” ते हसले. कटिंगच्या टेबलाशी मास्तरही हसले. मास्तर म्हणजे माझा नवरा. अख्खा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मीही मनातल्या मनात तेच म्हणते. “मग एकाच कुशीवर झोपला असाल,” असं म्हणून डॉक्टर पुन्हा स्वतःच्या पोटाकडे बघू लागले. आरशासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे फार वेळ बघवत नाही.

पण मी बघितलं. खरं तर शिंप्याला आरशात स्वतःचं तोंड दिसत नाही. दिवसभर मी त्या आरशासमोर वावरते आणि मला दिसतात ते खांदे, पाठीवर पडलेली चुणी, बाहीचा झोल. माणसाचं अंग दोन्ही बाजूंना सारखं नसतं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. एक खांदा पडलेला असतो, एक हात किंचित लांब असतो, आणि सगळं सारखं असतं ते फक्त काचेमागच्या लाकडी पुतळ्याचं. तेव्हा एक गाल दुसऱ्यापेक्षा भरलेला असला म्हणून मी घाबरणाऱ्यातली नव्हे. पण कडेच्या आरशात मला माझाच जबडा मागच्या बाजूनं दिसला, जसा तो आपला आपल्याला कधीच दिसत नाही, आणि क्षणभर वाटलं, कुणी तरी जाडजूड बाई दुकानात शिरून माझ्यामागे उभी राहिलीय. कानाच्या पाळीखालपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत सगळं भरून आलेलं, गुळगुळीत. दुखत काहीच नव्हतं. दुखत असतं तर बरं वाटलं असतं. माझा हात आधी जबड्याकडे गेला नाही, तो गेला कॉलरकडे. दुकानात आम्ही दोघंही राखाडी कापडाचे कोट घालतो, माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनची पद्धत. गळ्यापर्यंत बंद, खिशात खडू आणि छोटी कात्री. वरचं बटण लावलेलं होतं. मी कॉलरमध्ये बोट घातलं. बोट सहज आत गेलं, आत फिरलंही. बोटभर सैल. मग काही नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि डॉक्टरांची दुसरी बाही टाचायला घेतली.

माझा आजार दोऱ्यापासून सुरू झाला. सुईत दोरा ओवण्याआधी त्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, ही सवय शिंप्याच्या हाताला इतकी जडलेली असते की आपण ते करतो हेही कळत नाही. एका थंडीत दोरा ओला होईना. टोक ओठांत धरावं, बाहेर काढावं, तर ते फाटलेलंच, केसाळच. “बोलून बोलून घसा सुकवलायस,” मास्तर म्हणाले, आणि ते मला पटलंही, कारण मी बोलतेच तेवढी. मग डोळ्यांत कुणी वाळू फुंकल्यासारखं व्हायला लागलं. कोरडं बिस्किट टाळ्याला चिकटून बसायचं, घासागणिक पाणी लागायचं. दात आतून खडूसारखे भुसभुशीत होऊन तुकड्यातुकड्यानं पडायला लागले, आणि अशानं दातांच्या डॉक्टरांना आम्ही आणि आम्हाला ते गिऱ्हाईक म्हणून मिळाले. बोटांची पेरं सकाळी धरून यायची. थंडी पडली की टोकं पांढरीफटक होत, त्यांना ना कापड कळे ना सुई. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ओठाच्या आतला एक कण काढून तपासला आणि कुणा जुन्या डॉक्टरच्या नावाचा एक आजार सांगितला, ज्याचा उच्चार मला आजतागायत धड जमलेला नाही. “तुमचं शरीर तुमच्याच ग्रंथींना परकं समजतंय,” त्या म्हणाल्या. “जी फौज बाहेरच्या जंतूंशी लढायला असते, ती तुमच्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर चालून गेलीय.” मला आधी हसू आलं. आयुष्यभर लोकांची अंगं झाकली, आणि माझं अंग मलाच ओळखेना.

त्या दिवसापासून मास्तर माझ्यासाठी सुया ओवून ठेवतात. रोज दुकान उघडलं की पहिलं काम तेच. उशीवर ओळीनं खोचलेल्या सुया, काळा, पांढरा, राखाडी, प्रत्येकीत दोरा. याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. आमच्या घरात प्रेमाची बोली अशीच, तोंड न उघडता चालणारी. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आतून मी अगदी पिळवटून गेले होते. माहेरी मिळाली नाही एवढी माया मला त्या बाईनं दिली होती. पण जमलेल्या बायका माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघत होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. मास्तर मला मागच्या खोलीत घेऊन गेले, माझी हनुवटी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब सोडले. मग मी बाहेर आले, तर गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बायकांचं समाधान झालं. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, “आई, तू म्हणजे घड्याळ लावून रडणारी.” आम्ही दोघी खूप हसलो. हसतानाही माझे डोळे कोरडेच होते.

आणि मग ते वाक्य. मास्तर खाली औषधं आणायला गेले होते. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या, पाठमोऱ्या, आणि नळाच्या आवाजातच म्हणाल्या, “एक गोष्ट सांगून ठेवते, घाबरायचं मात्र नाही. या आजारात थोड्या लोकांना, अगदी थोड्या, पुढे कधी तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर होतो. लिम्फोमा म्हणतात. बहुतेकांना होत नाही. पण इतर लोकांपेक्षा शक्यता जास्त, एवढं खरं. जबड्याशी, गळ्याशी सूज आली आणि ती एकाच बाजूला ठाण मांडून बसली, तर मला येऊन दाखवायचं.” मग नळ बंद झाला. मी जिना उतरून खाली आले तर मास्तर पायरीवर बसून पिशवीतल्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजत होते, लहान मुलानं गोट्या मोजाव्यात तसे. “काय म्हणाल्या आणखी?” “थेंब घालायचे, पाणी पीत राहायचं.” “एवढंच ना?” “एवढंच.” त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की उरलेलं अर्धं मी गिळलं. कोरड्या घशानं गिळायची मला तोवर सवय झालेली होती.

पण गिळलं म्हणून ते जिरलं नाही. दवाखान्यातली तपासणी वर्षातून एकदाच असायची. मधल्या काळात पहारा मीच ठेवायचा. आरशात बघून माणसाला काही कळत नाही. सकाळी चेहरा एक असतो, संध्याकाळी दुसरा, आणि भीतीनं बघितलं की तिसरा. हातानं चाचपलं तर चाचपूनच सुजतं. मग मी माझ्या धंद्यातलं माप पकडलं. कोटाची कॉलर मी स्वतः शिवलेली, स्वतःच्या गळ्याला बोटभर सैल ठेवून. कापड खोटं बोलत नाही. रोज दुकानात आल्यावर वरचं बटण लावायचं आणि कॉलरमध्ये बोट घालायचं. बोट गेलं की दिवस आपला. मास्तरांच्या देखत, गिऱ्हाइकांच्या देखत मी हे करायची आणि कुणाला वाटायचं, बाईंना उकडतंय.

ही बोटाची गोष्ट मामंजींची. माझे सासरे गळ्याचं माप घेताना टेपच्या आत एक बोट ठेवायचे. “श्वासापुरती जागा सोडायची,” म्हणायचे. मास्तरही तसंच घेतात, हात आपोआप तसा जातो. मामंजींची दुसरी शिस्त त्याहून कडक होती. गिऱ्हाईक वर्षानं येतं, जुना कोट अंगाला लागत नाही, बटण ताणलं जातं. अशा वेळी तू सुटलास, तू वाळलास, असं तोंडातून काढायचं नाही. म्हणायचं, कापड आटलं. लोकरीचं असो, सुती असो, कापड आटलं. मग कोट ठेवून घ्यायचा, बटण सरकवायचं, शिवण सोडायची आणि गिऱ्हाइकाला कळू न देता त्याला त्याच्या नव्या अंगात बसवून परत पाठवायचं. आजारातून उठलेला एक तरुण शिक्षक एकदा आला होता, कोट त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. मामंजी त्याला म्हणाले, “हे कापड फार सैल पडतं हो वापरून वापरून.” तो माणूस किती कृतज्ञतेनं हसला ते मी बघितलंय. खोटेपणा म्हणावा तर आहे, पण त्या खोटेपणावर आमच्या दुकानाचा सगळा भलेपणा उभा आहे.

मागची थंडी सुरू व्हायच्या सुमाराला कॉलर घट्ट झाली होती. ते मी विसरलेली नाही. एक दिवस बोट अडकलं, दुसऱ्या दिवशी जेमतेम गेलं. दुपारपर्यंत मी बटण काढून ठेवायला लागले, मान फिरवायला लागले. रात्री कुशीवर वळले की वाटायचं, आता उद्या जायचं, उद्या सांगायचं. सुट्टी आली, कोट धुतले गेले, मास्तरांनी इस्त्री केली. वाफेनं माझे डोळे चुरचुरतात म्हणून इस्त्री त्यांच्याकडेच असते. आणि कामाच्या पहिल्या सकाळी बटण लावलं तर बोट आत गेलं, सहज. सूज उतरली होती! तो दिवस मला अजून आठवतो. उन्हात नुसता रस्ता बघत मी दारात उभी राहिले होते आणि मास्तर म्हणाले होते, “आज स्वारी खुशीत दिसतेय.” मी म्हटलं, “थंडी छान पडलीय.” पुढे एकदा पुन्हा तसं झालं, घट्ट आणि मग सैल. तेव्हा तर मी घाबरलेही नाही. येते, जाते; कॉलर सांगते.

म्हणून दातांचे डॉक्टर गेल्यावर मी पुन्हा आरशापाशी उभी राहिले ती जवळजवळ रागानं. आरसा एक सांगत होता आणि कॉलर दुसरंच. दोघांत कुणावर विश्वास ठेवायचा हे माझं ठरलेलं होतं. तरी पाय दुकानात ठरेनात. “बटणं आणायला जाते,” मी मास्तरांना म्हटलं. “बटणं आहेत की ढीगभर.” “शिंपल्याची संपलीत.” ते खडूनं रेघ मारत होते, रेघ पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही ही त्यांची रीत. रेघ संपली तेव्हा मी दारात होते. “शाल घे,” ते म्हणाले, “बोटं पांढरी पडतील.” मी शाल घेतली, कोट काढायचं मात्र विसरले.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी माझा जबडा एकदम धरला, डावा-उजवा, आणि डोळे मिटून घेतले. चांगल्या कारागिराला कापड असंच डोळे मिटून कळतं. मग काखेत बघितलं, गळ्याच्या कडा बघितल्या. रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का, ताप असतो का. नाही, नाही, नाही. “हे किती दिवसांचं?” “आज बघितलं.” “बघितलं आज. आहे कधीपासून?” माझा हात कॉलरकडे गेला. “गळ्याशी काही घट्ट व्हायचं का मधल्या काळात? साखळी, कॉलर?” आणि इथे मला बोलायला जोर आला. हा तर माझा प्रांत. मी त्यांना सगळं सांगितलं, कॉलरचं, बोटाचं, मागच्या थंडीत घट्ट होऊन सैल झाल्याचं. “बाई, कॉलर मी स्वतः शिवलीय,” मी म्हटलं, “जरा जरी फरक पडला तरी मला कळेल.” त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. खांदे बघणं हा माझा धंदाच आहे. “मग बरंच आहे,” त्या म्हणाल्या. “येऊन जाणारी सूज या आजारात असतेच. आपल्याला नको असते ती राहणारी. महिनाभर बघू. उतरली नाही तर कण काढून तपासू.”

मी विचारलं, “हे होतं कसं? एकातून दुसरं?” हे विचारायला मला इतकी वर्षं लागली होती. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण असं समजा, या पेशींनी लढावं आणि मग आराम करावा, अशी व्यवस्था असते. तुमच्या पेशींना आराम नाही. वर्षानुवर्षं त्या तुमच्या ग्रंथींवर चाल करतायत, नव्या नव्या पेशी तयार होतायत. जिथे काम थांबतच नाही तिथे कधी तरी एखादी नक्कल चुकते. ती चुकलेली पेशी मग थांबायचंच विसरते. बहुतेकांच्या बाबतीत चूक तिथेच पकडली जाते. क्वचित नाही पकडली जात.” मला ते अगदी कळलं. एकाच कागदावरून शेकडो कोट कापले की एखाद वेळी कात्री रेघ सोडते, आणि पुढचे सगळे त्या चुकलेल्यावरून कापले जातात.

बाहेर बाकांच्या रांगेत लोक बसले होते, कुणी फाइली मांडीवर घेऊन, कुणी नुसतेच. महिनाभर! मला एक महिना कोरा करकरीत मिळाला होता. दाराशी वारा आत येत होता म्हणून मी शाल सावरली आणि कोटाचं वरचं बटण लावायला गेले. बोटांची टोकं पांढरी पडली होती, बटण सापडेना. म्हणून खाली मान घालून, शाल बाजूला सारून, त्या उजेडात मी बटणाकडे बघितलं. स्वतःच्या कामाच्या कोटाकडे कोण बघतं? मी कोटाची बटणं नेहमी फुलीनं लावते, दोरा चार भोकांतून तिरपा जातो. हे बटण दोन समांतर रेघांनी लावलेलं होतं. खाली, बटण आणि कापड यांच्यामधे, दोऱ्याची मान घट्ट गुंडाळलेली, आणि टोक मानेतच परत घेतलेलं. माझ्या ओळखीत एकच माणूस बटण असं लावतो. बटण मी नखानं वर उचललं. शेजारी कापडावर एक गोल होता, बटणाएवढा, आजूबाजूच्या विटलेल्या राखाडीपेक्षा गडद, मधे सुईची बारीक भोकं. त्याच्या पलीकडे आणखी एक गोल, जरा विटलेला. बटण एकदा नाही, दोनदा सरकलं होतं.

मी भिंतीला टेकले. पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला हवं, कारण ते खरं होतं: मला माया दाटून आली. मी दिवसभर कॉलरमध्ये बोट घालते हे त्यांनी बघितलं होतं. बायको वयानं भरत चाललीय, तिला कॉलर लागते, तिला कळलं तर ती खंतावेल, असं त्यांच्या मनात आलं असणार. मग सुट्टीच्या दिवशी, इस्त्री करता करता, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी बटण सोडलं आणि सरकवलं. जे ते लोकांसाठी करतात तेच त्यांनी माझ्यासाठी केलं. तोंड न उघडता. आणि त्या मायेच्या मागोमाग भीती आली. म्हणजे कॉलर कधी सैल झालीच नव्हती. दारात उन्हात मी उभी होते तो दिवस झालाच नव्हता. सूज आली ती आलीच होती, मागच्या थंडीपासून, एकाच बाजूला ठाण मांडून, आणि मी रोज सकाळी तिला बोट घालून विचारत होते आणि माझा नवरा तिच्या वतीनं उत्तर देत होता. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर? त्यांना काय ठाऊक होतं? अर्धं वाक्य मी गिळलं होतं आणि अर्धं माप त्यांनी लपवलं, आणि दोन्ही मिळून एक अख्खी थंडी आणि वर उन्हाळा गेला.

मी दार लोटून परत आत गेले. आत दुसरा रुग्ण बसला होता, तरी बोलले. “कॉलर सैल झाली नव्हती. बटण सरकवलं होतं.” डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “कुणी?” “घरच्यांनी. त्यांना माहीत नव्हतं.” त्यांनी माझा कागद पुन्हा पुढ्यात ओढला आणि आधी लिहिलेलं खोडलं. खोडताना कागदाचा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. “महिना नाही थांबायचं,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी या, कण घेऊ. आणि ऐका, असं असलं तरी यातले बरेच प्रकार सावकाश चालणारे असतात, औषधाला दाद देणारे. पण उद्याच या. आणि एकट्या येऊ नका. बरोबर कुणाला तरी आणा.”

बरोबर कुणाला तरी. बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि मनात कुणाकुणाला उभं करून बघितलं. लेक चार तासांवर, तिचं लेकरू अंगावर पितं. शेजारीण येईल, पण तिच्या पोटात काही राहत नाही. फिरून फिरून मास्तरच. त्यांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. आणि सगळं सांगितलं की तो भला माणूस त्याच क्षणी बटणापाशी पोचणार, आपण काय केलं ते त्याला कळणार, आणि त्यानंतर मला काहीही झालं, मी बरी झाले काय आणि गेले काय, तो ते बटण जन्मभर बोटांत धरून बसणार. बटणाचं न सांगता बाकीचं सांगावं का? मला ते जमलं असतं. मामंजींच्या दुकानात मी इतकी वर्षं काढली आहेत. कापड आटलं असं सांगण्यात आमचा हात धरणारं कुणी नाही. पण अर्ध्या वाक्यानं काय केलं ते मी आत्ताच त्या भिंतीला टेकून बघितलं होतं.

दुकानात शिरले तेव्हा मास्तर दातांच्या डॉक्टरांचा कोट उसवत होते. “मिळाली का शिंपल्याची?” “नाही.” मी कोट काढला, टेबलावर पसरला, कात्रीनं बटण तोडलं. उशीवरची राखाडी दोऱ्याची सुई घेतली. सकाळी त्यांनीच ओवलेली. आणि सर्वांत आतल्या गोलावर, पहिल्या भोकांतून, माझ्या पद्धतीनं फुली घालून बटण लावलं. ते बघत होते. हातातलं काम त्यांनी खाली ठेवलेलं मला न बघता कळलं. मी कोट पुन्हा घातला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “लावा.”

“काय?”

“वरचं बटण. लावून बघा.”

त्यांनी दोन्ही हातांनी कॉलर धरली. त्यांच्या बोटांना खडूचा वास येत होता. काज आणि बटण यांच्यात अंतर उरलं, त्यांनी ओढलं, मला श्वास अडकल्यासारखं झालं, त्यांनी लगेच सोडलं. “कापड आटलंय,” ते म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं ते, जन्माची सवय.

“नाही आटलं.”

“अगं, इस्त्रीनं होतं असं कधी कधी...”

“अहो, कापड तेच आहे. अंग बदललंय.” या दुकानात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते माझ्याच तोंडून. मी त्यांचा हात धरून जबड्यावर ठेवला. आणि नळाच्या आवाजात ऐकलेलं ते सगळं वाक्य त्यांना सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, काही हातचं न राखता. उद्या सकाळचंही सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचा हात माझ्या जबड्यावरच होता, आणि तो जड होत गेला.

त्यांचा अंगठा कॉलरवर, बटण जिथून तोडलं त्या जागी गेला. मग म्हणाले, “मला वाटलं, वयानं भरतेयस. तुला वाईट वाटेल.”

“ठाऊक आहे.”

“मी सरकवलं नसतं तर...”

नाही हो, काही फरक पडला नसता, असं म्हणायला माझी जीभ उचलली होती. ते किती कृतज्ञतेनं हसले असते. “माहीत नाही,” मी म्हटलं. “डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. मीही तुम्हाला सांगितलं नव्हतं ना.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, भरभरून, पुसायचंही त्यांच्या लक्षात येईना. मला त्यांचा हेवा वाटला. माझे डोळे नुसते जळत होते. मग त्यांनी गळ्यात टांगलेला टेप काढला, माझ्या मागे जाऊन उभे राहिले, कॉलर खाली केली. आरशात आम्ही दोघं तिन्ही बाजूंनी दिसत होतो. टेप माझ्या गळ्याभोवती आला. सवयीनं त्यांचं बोट आत गेलं, श्वासापुरती जागा धरून थांबलं, आणि मग त्यांनी ते हळूच काढून घेतलं. टेप कातडीला टेकला. रिकाम्या दुकानात त्यांनी आकडा मोठ्यानं म्हटला.